हलू नका

पेंटरांनी घरात कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा फोटोबाईंना वाटलं होतं, आठवड्याभरात हे काम उरकेल. तेव्हा उन्हाळा नुकता लागत होता. आता उन्हाळा उतरणीला लागला, बाईंची रजा मंजूर झाली, तिकिटं निघाली, माळ्यावरच्या बॅगा खाली येऊन दिवाणखान्यात पाय अडकवायला लागल्या, आणि घोडं अजून कॅमेऱ्यापाशीच अडलेलं होतं.

फोटोबाई हे नाव इस्पितळातलं. बाई तिथे एक्स-रे काढायच्या. पण पेशंट कुठे एक्स-रे म्हणतात? ते छातीचा फोटो म्हणतात, गुडघ्याचा फोटो म्हणतात. 'श्वास घ्या, रोखा, हलू नका' हे तीन हुकूम बाईंनी आयुष्यात इतक्या वेळा सोडले होते की घरात कपाटावरचा डबा काढायला कुणी स्टुलावर चढलं तरी त्यांच्या तोंडून हलू नका निघायचं. पेंटरांचं नावही तसंच, कामावरून पडलेलं. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या हाताने रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. लग्नानंतर सासूसुद्धा त्यांना जावईबापू सोडून पेंटर म्हणायला लागली, आणि मग बाईंनी अहोच्या पुढे दुसरं काही लावायचा प्रश्नच उरला नाही.

पेंटरांची इच्छा ऐकायला साधी होती. हाताने रंगवलेल्या पाट्या आता कुणी करून घेत नाही. यंत्रातून छापलेलं कापड ताणून लावलं की दुकानाचं नाव झालं. पण गावोगावी, बंद पडलेल्या दुकानांवर, गोदामांच्या भिंतींवर, जुन्या हातांची अक्षरं अजून तग धरून आहेत. त्या पाट्या उतरवल्या जायच्या आत एकदा फिरून त्यांचे फोटो काढायचे. काही पाट्या दुसऱ्या मजल्यावर असतात, त्यांना लांबचं जवळ आणणारी लेन्स लागते. काही अशा बोळात असतात की मागे सरकायला जागा नसते, तिथे रुंद दिसणारी लागते. म्हणून लेन्स बदलता येईल असाच कॅमेरा हवा, आणि तो खिशाला झेपेल असा हवा. धाकटा दीर म्हणाला, फोन आहे ना खिशात, त्यानेच काढा. पेंटरांनी त्याला फोनवर काढलेला एक फोटो मोठा करून दाखवला. अक्षराच्या कडा दुधात भिजवलेल्या बिस्किटासारख्या मऊ झाल्या होत्या.

मग सुरू झाली दुकानांची वारेमाप भटकंती. पहिल्या दुकानात आरशाचा, जुन्या घडणीचा कॅमेरा होता, दणकट आणि स्वस्त. पेंटर म्हणाले, गळ्यात वरवंटा बांधून कोण फिरणार. दुसऱ्या दुकानातला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, अगदी हलका निघाला, तर म्हणे साबणाची वडी आहे, हातातून निसटेल. तिसरा मनासारखा होता, पण त्याच्या लेन्सच्या किमती ऐकून पेंटरांनी तो ताटातून माशी उचलावी तसा बाजूला केला. चौथ्याला डोळा लावून बघायची खिडकीच नव्हती. भर उन्हात पडद्यावर पाटी दिसायची सोडून माझंच तोंड दिसेल, ते म्हणाले. काढलेली प्रत्येक खोड खरी असायची, हीच तर पंचाईत होती. खोट्या सबबीशी भांडता येतं, खऱ्या खोडीशी काय भांडणार.

घरी आले की ते फोन घेऊन व्हिडिओ बघत बसत. कुठल्या तरी देशातला कुणीतरी डोंगरावर उभा राहून दोन कॅमेरे तोलत असायचा. पेंटर मध्येच उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत येऊन दुसरा व्हिडिओ लावायचे. बाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. बॅटरी, वजन, अंधारात फोटोवर उठणारे दाणे, पावसाला टिकतो की नाही, सगळं ते मन लावून ऐकत. फक्त एक गोष्ट आली की बोट पुढे सरकायचं. हात हलला तरी चित्र हलू न देणारी सोय काही कॅमेऱ्यांच्या आतच असते, काहींच्या नसते, आणि व्हिडिओतला माणूस त्यावर आला रे आला की पेंटर तेवढा भाग ओलांडून पुढे जायचे. एकदा बाईंनी सहज म्हटल्यासारखं विचारलं, ते काय सांगत होता तो. पेंटर म्हणाले, "काही नाही, आपल्याला नको असलेलं काहीतरी."

बाई भाजी निवडत राहिल्या, पण निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकत होत्या.

कारण त्यांना माहीत होतं. औषधांच्या दुकानाची पाटी पेंटरांनी रंगवली, ती त्यांची शेवटची. पेंटर म्हणजे नजरेने फळी वाटून घेणारा माणूस. दोरा नाही, पट्टी नाही, पहिलं अक्षर टाकतानाच त्यांना शेवटचं कुठे बसणार ते ठाऊक असायचं. हात टेकवायची काठी तरुण पोरं वापरतात, असं ते हसून सांगायचे. त्या पाटीला मात्र ती काठी पहिल्या अक्षरापासून लागली. आणि पाटी टांगल्यावर बाई रस्त्याच्या पलीकडून बघतात तर काय, अक्षरं सुरुवातीला टपोरी होती आणि पुढे पुढे लहान होत गेली होती, शेवटची दोन तर अगदी आक्रसून बसली होती. पेंटर म्हणाले, जागा पुरली नाही. जागा तर ढीगभर उरली होती.

त्यानंतर बाईंचं लक्ष त्यांच्या उजव्या हातावरून हलेना. बातम्या बघताना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं, जणू काही बारीक गोळी वळायची आहे. पेंटरांना त्याचा पत्ताही नसायचा, किंवा असला तरी ते हात मांडीखाली घ्यायचे. इस्पितळात असे हात बाईंनी पुष्कळ बघितले होते. बाकावर बसून फोटोची वाट बघणारे, कडेला कुणीतरी आपलं माणूस. एकदा त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांना जिन्यात गाठून एका नातेवाइकाबद्दल म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, घेऊन या, लवकर आणा. बाईंनी मान डोलावली आणि तेव्हापासून ती गोष्ट त्या पदरी बांधून फिरत होत्या. कितीदा जिभेवर आली आणि कितीदा गिळली. ज्या हाताने घर उभं राहिलं त्या हाताकडे बोट कसं दाखवायचं, हे त्यांना काही केल्या जमेना.

त्यांचा हिशेब सरळ होता. कॅमेरा घेतला तर माणूस घराबाहेर पडेल, चार गावं बघेल, मन उघडं होईल, मग डॉक्टरचा विषय काढता येईल. नाही घेतला तर तिकिटं जातील, रजा जाईल, आणि हा माणूस उजवा हात खिशात घालून खिडकीशी बसेल तो बसेलच. मग त्याला तिथून उठवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. बाईंना रोज सकाळी उठल्या उठल्या आधी हाच विचार यायचा. इस्पितळातही त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डाव्या पायाचा फोटो काढायचा तिथे उजव्याचा काढला, आणि पेशंटने दाखवून दिल्यावर ओशाळून पुन्हा काढला.

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात त्या हट्टालाच पेटल्या. म्हणाल्या, आज घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. पेंटरांनी पायात चपला सरकवल्या, काढल्या, पुन्हा सरकवल्या, चष्मा विसरला म्हणून आत गेले, आणि शेवटी एकदाचे निघाले.

दुकान भररस्त्यावर होतं. पुढे काचेची कपाटं, मागे पडदा लावून पासपोर्टचे फोटो काढायची जागा. दुकानदार बोलका होता, पण डोकं खाणारा नव्हता. किती खर्च करायचा आहे आणि कशाचे फोटो काढायचे आहेत एवढं विचारून त्याने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक नवा कोरा, सोबत एक छोटी लेन्स. दुसरा तेवढ्याच किमतीत, पण वापरलेला, आणि त्याच्या आत ती हलता हात सांभाळून घेणारी सोय होती. लांबची लेन्स दोन्हींना वापरलेली मिळेल, म्हणाला. बाईंनी वापरलेल्या कॅमेऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, हा बरा वाटतो. पेंटरांनी नवा उचलला.

"दुसऱ्याने वापरलेला कशाला? आणि त्या सोयीचं मला काय करायचंय?" ते म्हणाले.

दुकानदार म्हणाला, "काढून बघा काका. समोर किल्लीवाल्याची पाटी आहे, तिच्यावर धरा. फोटो इथे मोठ्या पडद्यावर दिसेल."

समोर खरोखरच हाताने रंगवलेली पाटी होती, निळ्यावर पिवळी. तिच्याकडे बघताच पेंटर जरा खुलले. कुणी नवशिक्याने काढलीय, अक्षरांची पोटं बघा कशी सुटलीत, म्हणाले. बाईंना किती दिवसांनी बरं वाटलं. पेंटरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, खटका दाबला, आणि काउंटरवरच्या पडद्यावर पाटी उमटली. प्रत्येक अक्षराला शेजारी आपलीच एक फिकट सावली आली होती.

फोकस चुकला असेल, दुकानदार म्हणाला. त्याने काहीतरी फिरवून दिलं. दुसऱ्या फोटोतही तेच झालं. पेंटर म्हणाले, या कॅमेऱ्यातच काहीतरी गडबड आहे. दुकानदाराने भिडस्तपणे तसाच दुसरा डबा फोडून दिला. पेंटरांनी या खेपेला कोपरं काउंटरवर टेकवली, पाय फाकले, खांदे आवळले. बाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. मागून त्यांना सगळं दिसत होतं: ताठलेली मान, कानशिलावरचा घाम, आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं लोंबतं टोक. ते टोक एका लयीत हलत होतं. बाईंचा जीव नुसता कासावीस झाला. एकदा, फक्त एकदा नीट येऊ दे, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, आणि ते म्हणता म्हणता त्यांचं तोंड उघडलं.

"श्वास घ्या," बाई म्हणाल्या. "रोखा. हलू नका."

तो आवाज घरातला नव्हता. एक्स-रेच्या खोलीतल्या शिशाच्या काचेपलीकडे पोचायला लागतो तो इस्पितळातला, खणखणीत, सगळ्यांना सारखाच लागू असलेला आवाज होता. मागच्या पडद्याआड पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेल्या माणसानेसुद्धा छाती भरून श्वास रोखला. दुकानदाराचे हात डब्यावर थांबले. दुकानात कुणीच हलत नव्हतं, पेंटरांचा हात सोडून. तो आता आधीपेक्षा जास्त हलत होता, आणि आता तो सगळ्यांना दिसत होता.

पेंटरांनी खटका दाबलाच नाही. दोन्ही हातांनी कॅमेरा अलगद खाली ठेवला, उजवा हात खिशात घातला आणि ते दुकानाबाहेर पडले.

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानदाराला काय म्हणाल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. बाहेर येऊन बघतात तर पेंटर रस्ता ओलांडून बसथांब्याच्या बाकावर बसले होते. बाई जाऊन शेजारी बसल्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुला?" पेंटरांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. बाईंना ती नकोशी झाली. "औषधवाल्याच्या पाटीपासून."

"शेवटची अक्षरं."

"हो."

"त्याला आवडली ती. म्हणाला, तुमची ही नवी स्टाइल झकास आहे." पेंटर हसल्यासारखे झाले.

मग पेंटरांनी अगदी शांतपणे, जणू व्हिडिओतलीच एखादी शंका काढावी तसं विचारलं, तुझ्याकडे लहान पोर आलं, रडणारं, हातपाय झाडणारं, तर तू काय करतेस. बाई म्हणाल्या, यंत्राचा वेळ कमी करते. पोर हलायच्या आत फोटो होऊन जातो.

"त्याला हलू नको म्हणत नाहीस?"

"त्याला म्हणून काय उपयोग? त्याला कुठे हलणं थांबवता येतं."

"मग मला का म्हणालीस?"

सवयीने, असं बाई म्हणणार होत्या, आणि ते खोटंही नव्हतं. पण एवढ्याने भागणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी पेंटरांच्या खिशातल्या हाताकडे बघितलं, पँटच्या कापडाखाली तो हलत होता.

"मला वाटलं, मी म्हटलं तर तुम्ही थांबवाल," त्या म्हणाल्या. "मला हे नको आहे हो. एवढे पेशंट बघते, सगळ्यांना धीर देते. पण तुम्हाला हे झालेलं मला नको आहे. म्हणून म्हणाले."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. भररस्त्यात, ओळखीचं कुणी बघेल न बघेल याची पर्वा न करता, पदराने नाक पुसत त्या रडल्या. पेंटरांनी त्यांना गप्प केलं नाही. बस आली, दार उघडून थांबली, चालकाने एकदा दोघांकडे बघितलं आणि ती निघून गेली. मग पेंटरांनी खिशातला हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. अंगठा आणि बोट आपलं काम करत होते. इतके दिवस एकाने लपवायचा आणि दुसऱ्याने चोरून बघायचा, असा जो हात होता, तो आता दोघांनी मिळून पाहिला. बाईंनी तो धरायला आपला हात पुढे केला, मग मागे घेतला. धरला तर थांबवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं.

पेंटर उठले. बाईंना वाटलं, घरी निघाले, संपलं सगळं. तिकिटं रद्द करायला कुठे फोन करायचा हेही त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. पण पेंटर घराच्या बाजूला वळलेच नाहीत. त्यांनी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला आणि दुकानाची काच ढकलली. बाई पदर सावरत मागोमाग धावल्या.

दुकानदार कॅमेरे डब्यात भरत होता. त्याने वर बघितलं आणि उगाचच हसला. पासपोर्टवाला माणूस पैसे देत होता, तोही थबकला. पेंटर काउंटरपाशी जाऊन उभे राहिले आणि उजवा हात त्यांनी काचेवर ठेवला, सगळ्यांच्या देखत. काचेवर त्याचा बारीक टकटक आवाज यायला लागला.

"माझा हात हलतो," ते म्हणाले. "त्याला चालेल असा कॅमेरा दाखवा."

महिनोन् महिने त्यांनी दुकानदारांना नाही नाही ते विचारलं होतं, वजन, बॅटरी, पाऊस, दाणे. हे एवढं एकच विचारायचं राहिलं होतं. बाई दारातच थांबल्या. आता दुकानदाराने चुकचुक केली, कीव केली, तर हा माणूस पुन्हा उलट्या पावली बाहेर पडेल, या धास्तीने त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली.

पण दुकानदाराने तसलं काही केलं नाही. चपलांच्या दुकानात माप विचारतात तितक्याच सहज त्याने विचारलं, "कोणता हात, काका?"

"उजवा," पेंटर म्हणाले. आणि थोडं थांबून म्हणाले, "सध्या उजवा."

तो 'सध्या' बाईंनी इस्पितळात ऐकलेला होता. ज्याने डॉक्टरला विचारलेलं असतं, ज्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते नीट समजावून सांगितलेलं असतं, त्याच माणसाच्या तोंडी तो येतो. म्हणजे पेंटर कुठेतरी जाऊन आले होते. एकटेच जाऊन, विचारून, ऐकून, घरी येऊन त्यांच्यासमोर बसून कॅमेऱ्यांत खोडी काढत होते. आपण त्यांना सांभाळतोय असं बाई इतके दिवस समजत होत्या, आणि हा माणूस आपल्याला सांभाळत होता. त्यांना राग आला, खूप राग आला, आणि त्या रागाच्या मागोमाग अशी माया दाटून आली की क्षणभर काही दिसेचना.

त्यांनी दाराची मूठ सोडली, आत येऊन कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पेंटरांच्या डाव्या हाताला बसल्या.

"दोन्ही हात हलले तरी चालेल असा दाखवा," त्या दुकानदाराला म्हणाल्या.